रान आपले, रानडुक्कर कोणाचे?



या सदरातून आपण बहुधा दुकान, वही आणि घर यांविषयी बोलतो. आजचा विषय रानातला आहे. पण आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात तो येऊन उभा राहिलेला आहे. पूर्वजांनी घेतलेली अथवा अलीकडे शिल्लक रकमेतून खरेदी केलेली डोंगराकडेची जमीन अनेक व्यापारी कुटुंबांकडे असते. तिचा थोडा भाग भात, भुईमूग, काजू यांच्या लागवडीखाली आणि उरलेला दाट झाडीचा. मालक पेठेत, जमीन वाटेकऱ्याच्या हाती आणि झाडीत रानडुकरांचा कळप, असे चित्र सह्याद्रीच्या कडेने सर्वत्र दिसते. अशा जमिनीचा धनी श्रावक असेल, तर त्याने काय करावे?

हा प्रश्न आमच्या घरी तीन वर्षांपूर्वी आला. आमची जमीन आजरा तालुक्याच्या पश्चिमेस आहे. पाच-सहा एकर लागवड आणि तिच्या मागे तिच्याहून मोठे मालकी रान. दशलक्षण पर्वाचा तिसरा दिवस होता. सायंकाळच्या आरतीहून परतलो, तोच वाटेकऱ्याचा फोन आला. "अण्णा, डुकरानी समदं लोळवलं बघा. भुईमूग तर एक वेल ठेवला न्हाई. आज फास लावू का? तुम्ही नुसतं हो म्हणा."

हळवे भात नुकते पोटरीत आले होते आणि भुईमूग भरला होता. चार महिन्यांचे कष्ट दोन रात्रींत गेले होते. मी गप्प राहिलो. धाकटे बंधू शेजारीच बसले होते. त्यांनी फोनवर हात ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "दादा, हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. तो काय करायचे ते करील. आपल्याला काही ठाऊक नाही, एवढेच."

व्यवहारी माणसाला हा सल्ला सोयीचा वाटेल. मलाही क्षणभर वाटला. पण त्या दिवशीचा धर्म होता उत्तम आर्जव, म्हणजे मनाचा सरळपणा, आणि त्याच सकाळी आम्ही दोघांनी त्यावरचे प्रवचन शेजारी बसून ऐकले होते. मी फोनवर सांगितले, "फास लावू नकोस. उद्या सकाळी आम्ही येतो. तुझे नुकसान तुझ्या एकट्याचे नाही." पुढच्या सगळ्या गोष्टी या शेवटच्या वाक्याने माझ्या गळ्यात घातल्या.

आपल्या आचारशास्त्राने हिंसेचा हिशेब फार बारकाईने मांडला आहे. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि दुसऱ्याने केलेल्या कृतीस अनुमोदन दिलेली, म्हणजे कृत, कारित आणि अनुमत, अशा तिन्हींची नोंद आपल्याच खात्यावर होते. मुनीमाने केलेला व्यवहार मालकाच्या नावे पडतो, हे व्यापाऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मग वाटेकऱ्याने आपल्या जमिनीत, आपल्या पिकासाठी, आपल्या मौनाच्या आधारे लावलेला फास कोणाच्या खाती जमा व्हावा? "आपल्याला काही ठाऊक नाही" असे म्हणण्यासाठी आधी सगळे ठाऊक असावे लागते.

दुसऱ्या दिवशी शेतावर गेलो. नांगर फिरवावा तशी जमीन उकरलेली होती. रानडुकराची दृष्टी बेताची, परंतु घ्राणशक्ती अत्यंत तीक्ष्ण. जमिनीखालची शेंग, कंद, अळी ते वासावर शोधते आणि मुसकटाने माती उलटवते. माद्या आणि पिले कळपाने हिंडतात, पूर्ण वाढलेला नर बहुधा एकटा असतो. मादीचा गर्भकाळ पावणेचार महिन्यांचा आणि एका वेतात चार ते सहा पिले सहज होतात. अंगाला घाम जवळजवळ येत नसल्याने त्यांना चिखलात लोळावे लागते. म्हणून पाणी, दाट सावली आणि जवळच पीक या तीन गोष्टी जिथे एकत्र येतात, तिथे हा प्राणी मुक्काम करतो. आमच्या जमिनीत त्या तिन्ही होत्या.

वाटेकऱ्याच्या खोपटात कोपऱ्यात दुचाकीच्या क्लचच्या तारेचे तीन फास तयार करून टांगलेले होते. तो म्हणाला, "अण्णा, सगळेच लावत्यात." ते खरे आहे. परंतु तारेचा फास समोर कोण आले ते पाहत नाही. अशाच फासांत बिबट्या अडकतो, राखणीचा कुत्रा अडकतो, चरायला गेलेले वासरू अडकते. आणि जे अडकते ते तासन्तास तडफडून मरते. काही ठिकाणी घरच्या विजेचा प्रवाह थेट कुंपणाच्या तारेत सोडतात. त्यात पहाटे पाणी पाजायला निघालेले शेतकरी दगावल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. मे २०२० मध्ये केरळमध्ये एका गर्भवती हत्तिणीच्या तोंडात स्फोटक भरलेले फळ फुटले आणि काही दिवसांनी नदीच्या पाण्यात उभ्या उभ्या तिने प्राण सोडले. ते स्फोटक रानडुकरांसाठी ठेवलेले होते, असे तपासात पुढे आले. सापळा एकासाठी लावावा आणि जीव दुसऱ्याचा जावा, हा या मार्गाचा नेहमीचा अनुभव आहे.

आता कायद्याचे पाहू. जमिनीचा सातबारा आपल्या नावे असला, तरी तिच्यावर हिंडणारा वन्य जीव आपला नसतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीस बंदी आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत येते. मनुष्याच्या जिवाला अथवा उभ्या पिकाला धोका झाल्यास सक्षम वनाधिकाऱ्याने लेखी आदेशाने मारण्याची परवानगी देण्याची तरतूद कलम ११ मध्ये आहे, आणि आपल्या राज्यात तशी परवानगी दिलीही जाते. फास, स्फोटक आणि थेट वीज मात्र कोणत्याही परवानगीत बसत नाहीत. धर्म क्षणभर बाजूला ठेवला, तरी त्या रात्री दिलेला एक होकार आम्हाला फौजदारी गुन्ह्यात घेऊन गेला असता.

बंधूंनी येथे रास्त प्रश्न विचारला. "परवानगी काढून, कायद्याने, एकदाच बंदोबस्त केला तर? गृहस्थाला विरोधी हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही, असे आपलेच आचार्य सांगतात ना?" प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतील संकल्पी हिंसेचा त्याग श्रावकाने करायचाच असतो. उरलेल्या तीन त्याच्या संसारात काही प्रमाणात घडतात. माझी अल्पमती अशी, की अंगावर धावून आलेल्या जनावरापासून माणसाला वाचविणे हा विरोधाचा प्रसंग झाला. परंतु पुढल्या हंगामातील संभाव्य तोट्यासाठी बंदूकवाल्यास दिवस ठरवून बोलावणे, यात संकल्प नाही असे मला म्हणवत नाही. आणि इतर उपाय करून पाहण्याआधीच "आता उपाय उरला नाही" असे म्हणणे ही तर स्वतःचीच फसवणूक.

त्यातही केवळ मारण्याने बंदोबस्त होतो का, हे पाहण्याजोगे आहे. या बाबतीत अमेरिकेचे उदाहरण बोलके आहे. तेथे डुक्कर मूळचे नाही. १५३९ मध्ये हर्नांदो दे सोतो या स्पॅनिश सरदाराने फ्लोरिडात डुकरे उतरविली, पुढे वसाहतवाल्यांची मोकाट सुटलेली डुकरे रानटी झाली आणि विसाव्या शतकात शिकारीच्या हौसेसाठी युरोपातील रानडुकरेही आणून सोडण्यात आली. टेक्सास राज्यातील बहुतेक सर्व जमीन खाजगी मालकीची आहे आणि तिच्यातील दाट झाडीत या प्राण्यांनी ठाण मांडले आहे. २०११ मध्ये तेथे हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालण्याची मोकळीक जमीनमालकांना देण्यात आली. तरीही डुकरे आहेतच. तेथील तज्ज्ञांचा हिशेब असा, की संख्या आहे तेथेच रोखून धरायची म्हटली, तरी दरवर्षी एकंदर डुकरांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नाहीशी करावी लागतील. मिसुरी राज्याच्या वनविभागाने तर २०१६ पासून आपल्या अखत्यारीतील जमिनींवर हौशी शिकाऱ्यांना डुकरे मारण्यास मनाई केली. कारण गोळीबाराने कळप फुटतो, उरलेली डुकरे चौफेर पांगतात आणि नव्या ठिकाणी वाढतात. तेथे आता संपूर्ण कळप एकदम पकडून ठार करतात. तो मार्ग आपला नव्हे. पण त्यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे: दोन-चार डुकरे मारल्याने सूड घेतल्याचे समाधान मिळते, पीक राखले जात नाही.

आपल्याकडची स्थिती आणखी एका अर्थाने वेगळी आहे. येथे रानडुक्कर उपरे नाही. ते या डोंगराचे मूळ रहिवासी आहे. वाघ, बिबट्या आणि रानकुत्रे यांचे ते भक्ष्य आहे. रानातून ते नाहीसे झाले, तर बिबट्या गावातल्या शेळीकडे वळणार. दाट रानच तोडून टाकावे, असेही एका स्नेह्यांनी सुचविले. मालकीच्या जमिनीतील झाडे तोडण्यासही १९६४ च्या राज्य कायद्याप्रमाणे परवानगी लागते, हे एक. आणि आमच्या भाताला उन्हाळ्यापर्यंत ओल पुरविणारा ओढा त्याच रानातून येतो, हे दुसरे. रान ठेवायचे, तर रानातले जीवही राहणार. तेव्हा डुकराला जगातून घालवायचे नव्हते. फक्त पिकातून बाहेर ठेवायचे होते. प्रश्न असा मांडल्यावर तो पुष्कळच सोपा झाला.

आम्ही केले ते क्रमाने सांगतो. कोणास उपयोगी पडेल.

पहिले काम पाहण्याचे. पुतण्याने हालचाल टिपणारे दोन कॅमेरे रानाच्या कडेला बांधले. डुकरांच्या वाटा ठरलेल्या असतात. झुडपांखालून गेलेला बुटका बोगदा, झाडाच्या बुंध्याला गुडघाभर उंचीवर घासलेला चिखल, ओल्या मातीतले खूर यांवरून त्या ओळखता येतात. सगळा कळप तीनच ठिकाणांहून शेतात उतरतो, हे आठ दिवसांत कळले.

दुसरे काम आडोसा काढण्याचे. पिकाच्या बांधापर्यंत घाणेरी आणि रानमोडी माजली होती. पिकाच्या कडेने दहा-बारा हातांचा पट्टा आम्ही स्वच्छ केला. मोठे झाड एकही तोडले नाही. डुकराला झुडपातून थेट पिकात शिरणे आवडते. मोकळ्यावर येताना ते बिचकते.

तिसरे काम कुंपणाचे. रानाकडच्या बाजूस जुना दगडी गडगा होता, तो ढासळला होता. तो पुन्हा रचून घेतला. उरलेल्या बाजूंना सौर ऊर्जेवर चालणारे झटका मशीन बसविले. त्यात घरच्या विजेशी संबंध नसतो. यंत्र तारेत अतिशय अल्पकाळाचा झटका सोडते, जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. डुक्कर उडी मारण्यापेक्षा खालून घुसते, म्हणून पहिली तार जमिनीपासून वीतभर उंचीवरच हवी. आणि त्या तारेला गवत टेकले, की झटका जमिनीत उतरतो. म्हणून पावसाळ्यात दर आठवड्यास गवत काढणे हा कुंपणाचाच भाग समजावा. गव्यासारख्या मोठ्या जनावरास हे कुंपण पुरत नाही, हेही सांगितले पाहिजे.

चौथे काम पिकांच्या मांडणीचे. भुईमूग रानालगत होता, तो घराजवळच्या तुकड्यात आणला आणि रानाच्या कडेला मिरची लावली. भुईमुगाभोवती काटेरी करडईच्या, मक्याभोवती एरंडाच्या दाट ओळी लावण्याची पद्धत हैदराबादच्या कृषी संशोधकांनी सुचविलेली आहे. काजूच्या हंगामात खाली पडलेली बोंडे रोज सायंकाळी उचलून घेतो. डुक्कर आधी त्या बोंडांसाठी येते आणि मग पुढचे पाहते.

येथे एक अप्रिय गोष्टही लिहिणे भाग आहे. आमच्याच नात्यातील एका सत्प्रवृत्त गृहस्थांनी सुचविले, की रानात रोज पोतेभर धान्य टाकावे. जीवदयाही घडेल आणि डुकरे शेतात येणार नाहीत. हेतू निर्मळ होता, परिणाम मात्र उलटा होतो. आयते अन्न मिळाले, की पिले अधिक जगतात, कळप वाढतो, माणसाच्या वासाची भीती मोडते. आणि धान्य बंद झाले, की तोच वाढलेला कळप शेजाऱ्याच्या शेतात उतरतो. वन्य जिवाला खाऊ घालणे ही दया नव्हे. त्याचे रान त्याला राहू देणे, ही दया आहे.

आता हिशेबाचा भाग. गडगा, यंत्र, तारा आणि मजुरी मिळून झालेला खर्च आमच्या त्या जमिनीच्या दोन वर्षांच्या वाट्याहून अधिक होता. बंधू म्हणाले, निम्मा वाटेकऱ्याकडून घेऊ; पीक त्याचेही आहे. मी नाही म्हटले. त्याच्या मनात फास होता. तो स्वस्त होता आणि त्याच्या ऐपतीतला होता. तो लावू न देण्याचा निर्णय आमचा, व्रत आमचे; मग त्या व्रताची किंमत त्याने का द्यावी? पेठेत गादीवर बसून रानडुकरावर दया करणे फार सोपे आहे. त्या दयेचा खर्च वाटेकऱ्याच्या पोरांच्या ताटातून वळता होत असेल, तर ती दया नसून आणखी एक हिंसा झाली. त्या वर्षी त्याचा जो भुईमूग गेला, त्याची भरपाईही आम्हीच केली. वनविभागाकडून पीक नुकसानीची भरपाई मिळते, पण त्यासाठी ३ दिवसांच्या आत अर्ज द्यावा लागतो आणि मग पंचनामा होतो. हे आम्हाला उशिरा कळले. वाचकांनी ते आताच लिहून ठेवावे.

पर्व संपल्यावर क्षमावाणीच्या दिवशी आम्ही दोघे भाऊ पुन्हा शेतावर गेलो. वाटेकऱ्याला क्षमा मागितली तेव्हा तो संकोचून म्हणाला, "अण्णा, तुमी कशापायी?" बंधू म्हणाले, "त्या रात्री तुला एकट्याला पुढे करणार होतो, म्हणून." त्याला ते किती कळले, ठाऊक नाही. खोपटातले तीन फास मात्र त्याने आपणहून काढून दिले. ते आज आमच्या दुकानात गल्ल्यामागे खिळ्याला टांगलेले आहेत.

सर्व सुरळीत झाले, असा दावा मी करणार नाही. दुसऱ्या वर्षी ओढा जिथे तारेखालून जातो, तिथून एक कळप शिरला आणि भाताचा एक वाफा गेला. आता तेथे दगडांत जाळी बसविली आहे. अमावस्येच्या आसपास वाटेकऱ्याला अजूनही राखणीला जावे लागते; त्या रात्रींची मजुरी आम्ही वेगळी देतो. पण गेल्या दोन्ही सुगींत घर भरेल एवढे पीक आले. आणि कॅमेऱ्यात आजही रानातून जाणारी मादी दिसते, मागे अंगावर पट्टे असलेली पिले.

तेरावे तीर्थंकर भगवान विमलनाथ यांचे लांछन शूकर आहे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात दानाचे दृष्टांत सांगताना एका शूकराचे नाव येते. गुहेत बसलेल्या मुनींचे व्याघ्रापासून रक्षण करताना त्याने प्राण दिले आणि त्या भावामुळे त्याला स्वर्ग लाभला, अशी कथा परंपरेने जपली आहे. ज्या जिवाला आपण पिकाचा चोर म्हणतो, त्याला शास्त्रकारांनी दात्यांच्या पंक्तीस बसविले, ते विनाकारण नसावे.

ज्यांच्याकडे अशी जमीन आहे, त्यांनी या सुगीपूर्वी एकदा तरी तिथे जाऊन यावे. वाटेकऱ्याच्या खोपटात डोकवावे, काय टांगलेले आहे ते पाहावे, आणि जे दिसेल ते आपल्याच खात्यावर धरून पुढचा विचार करावा.

जय जिनेंद्र.